समाधान सरांची काळी

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या समाधान सरांच्या खिशात पेन सापडेल याची खात्री नाही, पण खडा सापडणारच. रस्त्याने येताना कुठे खोदकाम दिसलं की यांची गाडी थांबते. एकदा खिशातला मुरूम धुण्याच्या मशीनमध्ये गेला आणि त्यांच्या बायकोनं, दिपालीताईंनी, मला फोन करून सांगितलं, "मॅडम, तुमच्या शाळेत झडती घेऊन सोडत जा यांना." मी त्याच शाळेत मराठी शिकवते. शाळा आळंदीहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. एका बाजूला कंपन्यांचे पत्रे, दुसऱ्या बाजूला भाड्याच्या खोल्या, मध्ये आम्ही. सर पिंपळे गुरवला राहतात आणि रोज तिथून मोटारसायकलने येतात. मूळ परभणीकडचे.

मूळ परभणीकडचे, हे मी सांगायची खरं तर गरज नाही. तेच सांगतात. विषय कुठलाही काढा, चहाचा, पगाराचा, पावसाचा, सर फिरून आपल्या गावच्या काळ्या मातीवर येतात. "आमच्याकडची काळी म्हणजे बगा मॅडम, पावसात पाय घातला तर चप्पल ठेवून घेते, आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की पोराचा चेंडू आत गेला तर पुढच्या पेरणीलाच दिसावा." आम्ही स्टाफरूममध्ये घड्याळाकडे बघून चिडवायचो, "सर, काळी आली का?" तेही हसायचे. माणूस मनाचा निर्मळ. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याविषयी फार बरं बोलणार नाही.

शिकवणं मात्र असं की मी माझा ऑफ तास त्यांच्या वर्गाच्या मागच्या बाकावर काढायची. नदी शिकवायची तर फळ्यावर नदी नाही. मोठ्या परातीत वाळू, खाली विटेचा उतार, वरून तांब्याने पाणी. पोरांनीच बघायचं की पाणी कुठे वळतं, कुठे काठ खातं, कुठे गाळ टाकतं. रस्ता रुंद करायला डोंगर कापला होता, तिथे पोरांना नेऊन वरची माती, तिच्याखालचा मुरूम, त्याच्याखालचा काळा कातळ हाताने चाचपायला लावला. पुस्तक सगळ्यात शेवटी. पोरांनी विचारलं, "सर, बरोबर आहे का?" की ते म्हणायचे, "मला काय विचारता लेकरांनो? समोरच्याला विचारा." समोरचा म्हणजे खडा, नाहीतर परात, नाहीतर बाटली. आमच्या पोरांना हे नवीन होतं. घरात बापाला, शाळेत सरांना आणि पुढे कंपनीत सुपरवायझरला विचारून चालायचं, एवढंच त्यांनी बघितलेलं. मलाही नवीनच होतं. व्याकरणात कुणी मला 'का' विचारलं तर माझ्या कपाळाला आठी पडते, खोटं कशाला बोला.

मातीचा धडा त्यांचा खास. इथल्या पोरांना माती दिसते कुठे? अंगणात पेव्हर ब्लॉक, मैदानावर बारीक खडी. एका मुलाने तर माती नर्सरीत पिशवीत मिळते असं उत्तर दिलं होतं. म्हणून सरांनी फर्मान काढलं, प्रत्येकाने घराजवळची ओंजळभर माती आणायची. मग दोन चाचण्या. पहिली बाटलीची. पारदर्शक बाटलीत माती आणि पाणी घालून खळखळून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू लगेच तळाला बसते, चिकणमाती कितीतरी वेळ पाणी गढूळ ठेवते. दुसरी शेवईची. ओली माती तळहातावर वळायची. शेवई झाली तर माती चिकण, तुटली तर रेताड. ही शेवई सरांच्या आईच्या पाटावरची, हे सांगायला नकोच.

पोरांनी काय काय आणलं. लाल मुरूम, पिवळी भुसभुशीत, कुणी सिमेंट, कुणी कुंडीतला नारळाचा भुसा. आणि आठवीतल्या अपेक्षाने आणली काळी.

अपेक्षा इथल्या जुन्या गाववाल्यांची नात. आजोबा मारुतराव, एके काळचे शेतकरी, आता शेताच्या जागी खोल्यांच्या रांगा बांधून भाडेकरू ठेवलेले. मुलगी अबोल, पण नेमकी. निबंधात दहा ओळी सांगितल्या तर दहाच लिहील, पण अकरावी कुठे हवी होती हे तिला ठाऊक असेल. तिने खोल्यांच्या मागच्या मोकळ्या जागेतली माती पिशवीत भरून आणली होती. काळी कुळकुळीत.

मी मागच्या बाकावर होते, म्हणून जे झालं ते डोळ्यांनी बघितलं. सरांनी पिशवीत हात घातला. मूठ दाबली, गोळा झाला. नाकाशी नेली. "उन्हात तापलेल्या रानाचा वास आहे हिला," म्हणाले. मग चिमूटभर माती कपाळाला लावली. वर्गात कुणी हसलं नाही. सरांचा आवाजच तसा झाला होता. काळ्या कातळाची झीज होत होत ही माती कशी तयार होते, कापसाला ती का मानवते, ओल कशी धरून ठेवते, हे त्यांनी इतकं जीव लावून सांगितलं की मलाही माझं न पाहिलेलं गाव आठवायला लागलं. परभणीची माती त्यांना चाकणच्या वाटेवर भेटली होती.

अपेक्षाने हात वर केला. "सर, बाटलीत घालू का?"

"हिला कशाला? हातच्या कंकणाला आरसा कशाला गं? ही मी ओळखतो."

तास संपला. मला तेव्हा काही खटकलं नाही. म्हण बरोबर वापरली, एवढं मात्र मनात आलं. मराठीच्या बाईला दुसरं काय सुचणार.

अपेक्षा मात्र घरी गेली आणि तिने बाटली भरली. सरांनीच लावलेली सवय. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात उभी, हातात बाटली. सर अजून तासावरून आले नव्हते, म्हणून माझ्याकडे आली. बाटलीतलं पाणी वर थोडं काजळी घातल्यासारखं काळपट, आणि बाकी सगळं तळाला, वाळूसारखं.

"मॅडम, माझ्या हाताचं काहीतरी चुकतंय. लगेच खाली बसतंय सगळं. आणि शेवई होतच नाही. गोळा होतो, पण बोट लावलं की फुटतो."

"एकदाच केलंस का?"

"लई वेळा केलं."

मी म्हटलं, सरांनाच दाखव. सर आले, ती त्यांच्यामागे वर्गाच्या दारापर्यंत गेली. मी पाठोपाठ होते. सर घाईत होते. शाळेचं विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलेलं, आणि मुख्याध्यापक हिंदुराव सरांनी नुकतंच त्यांना सांगितलं होतं की पाहुणे परीक्षक बाहेरून येणार आहेत, शाळेचं नाव राखा. त्यांनी बाटलीकडे ओझरतं बघितलं आणि म्हणाले, "नीट हलवली नसशील. परत कर."

"सर, पण..."

"परत कर लेकरा. येईल."

ती "हो सर" म्हणाली आणि गेली. एवढंच घडलं. यात कुणाला काही वाईट दिसलं नसतं. शाळेत दिवसभरात आम्ही सगळेच असं कितीदा म्हणतो.

प्रदर्शनाला सरांच्या वर्गाचं टेबल मधोमध. वर पुठ्ठ्याची पाटी, अक्षर माझं. 'आपल्या पायाखालची काळी'. बाकीच्या मातीच्या बाटल्या कडेला, अपेक्षाची पुढे. आणि काय सुंदर बाटली होती ती. पाणी गढूळ, मध्ये गाळाचे थर, तळाला बारीक रेघ. शेजारी वाटीत भिजवलेली माती आणि केळीच्या पानाच्या तुकड्यावर वळलेल्या काळपट शेवया. एकही तुटलेली नाही. सर लांबून बघून खूश. "मी म्हणालो नव्हतो?" असं त्यांनी मला मानेनेच विचारलं. अपेक्षा टेबलामागे उभी होती, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या, पाठ केलेलं म्हणत होती. आजोबा मारुतराव खास फेटा बांधून आले होते आणि प्रत्येक भाडेकरूला ओढून टेबलापाशी आणत होते.

परीक्षक बाई कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या होत्या. बोलायला मऊ, घाई अजिबात नाही. अपेक्षाचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. शेवई उचलली, बोटांनी मोडली, चुरली. मग वाटीतली माती तळहातावर घेऊन उजेडात धरली. पलीकडच्या टेबलावर पोरांनी लोहचुंबकांचे खेळ मांडले होते, तिथला एक चुंबक त्यांनी मागून घेतला आणि मातीवरून फिरवला. चुंबकाला मिशा फुटल्या. बारीक, काळ्या, ताठ.

"हे लोखंड आहे," बाई म्हणाल्या. "आणि ही काळी माती नाही सर. ही फाउंड्रीतली जळकी वाळू आहे. ओतकामाचे साचे करतात ना, ती. वापरून झाली की भराव म्हणून टाकतात, या भागात खूप दिसते. पण मग शेवई कशी झाली?" त्यांनी पुन्हा चोळून बघितली. "यात शाडू आहे. गणपतीची शाडू. कुणीतरी मिसळली आहे."

टेबलाभोवती पालक होते, पोरं होती, हिंदुराव सर होते. सगळ्यांनी अपेक्षाकडे बघितलं. तिने खाली बघितलं.

"का मिसळलीस बाळ?" बाईंनी विचारलं. खरंच विचारलं, दटावलं नाही.

 तिला एक वाक्य बोलायचं होतं फक्त. 'सर म्हणाले परत कर, येईल.' ते तिने गिळलं. मी तिच्यासमोर उभी होते, आणि तिने ते गिळताना मी बघितलं.

बाई सरांकडे वळल्या. "मूळ नमुना तुम्ही तपासला होता का?"

"हो," सर म्हणाले. "म्हणजे, तपासला होता. हिनं नंतर मिसळलं असणार." आणि मग तिच्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अपेक्षा, अशी फसवणूक करायची नसते."

मला राग येतो तेव्हा माझे कान तापतात. तेव्हा कान, मान, सगळं तापलं. पण मीही तिथे काही बोलले नाही, पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून. परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. मारुतराव फेटा काढून हातात घेऊन भिंतीशी जाऊन बसले. मी लिहिलेली पाटी मीच उतरवली.

स्टाफरूममध्ये सगळे पांगल्यावर मी सरांना धरलं. "परत कर म्हणालात ना तिला? केलं तिनं परत. उत्तर येईपर्यंत केलं. पहिली बाटली तिनं आणली होती तुमच्याकडे, खरी होती ती. तुम्ही दारात उभं राहून हाकलून दिलीत. आणि आज सगळ्यांपुढे चोर ठरवलंत. विज्ञान शिकवता म्हणे."

मला वाटलं होतं वाद घालतील. त्यांना पहिली बाटली आठवलीच नव्हती, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं, आणि मग आठवली, तेही दिसलं. ते खुर्चीत बसले. टेबल आवरताना हाताला तीच काळी लागली होती, ती रुमालाने पुसायला लागले. पुसतच राहिले.

"मॅडम, मला माती कळत नाही," ते म्हणाले. "पाचवीपासून मी वसतिगृहात. सुट्टीला गेलो तर आई रानात येऊ द्यायची नाही. तू शिकलेला, तुझे कपडे खराब होतील म्हणायची. भाऊ राबला. मी बांधावर उभा राहून बघितली आहे काळी, नाहीतर पुस्तकात वाचली आहे. हातात कधी घेतलीच नाही. इतकी वर्षं लोकांना सांगत फिरलो, आमची काळी, आमची काळी. आणि कपाळाला काय लावलं, तर कारखान्याची राख."

मला त्यांची दया आली, पण तितकीच, त्याहून जास्त नाही. "राखेचं राहू द्या," मी म्हटलं. "पोरीचं काय?"

"उद्या परिपाठाला सगळ्यांसमोर सांगतो."

आणि सांगितलं. त्यात कसूर केली नाही. सकाळी प्रार्थना झाल्यावर माईक घेऊन उभे राहिले आणि काहीही न लपवता बोलले. मी न तपासता बोललो. अपेक्षाने खरं आणून दाखवलं, मी बघितलं नाही. पाहुण्यांपुढे मी खोटं बोललो आणि दोष तिच्यावर ढकलला.  लाजेनं माणूस कसा दिसतो ते शाळेतल्या पहिलीच्या पोरांनाही त्या दिवशी कळलं असेल.

मग काय झालं, सांगते. टाळ्या झाल्या. हिंदुराव सरांनी माईक ओढून घेतला आणि म्हणाले, "मुलांनो, चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं. असे शिक्षक आपल्याला लाभले हे आपलं भाग्य." पालकांच्या ग्रुपवर दुपारपर्यंत हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. सर ग्रेट, सरांना सलाम, असा गुरू होणे नाही. आदल्या दिवशी शाळेचं नाव घालवणारा माणूस दुसऱ्या दिवशी शाळेचं भूषण झाला.

आणि अपेक्षा? ती त्या दिवशी शाळेत आलीच नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. वर्गात तिच्या बाकावर कुणीतरी खडूने 'भेसळ' लिहून ठेवलं होतं. मी ते पुसलं तेव्हा पोरं आपसांत म्हणत होती, सर किती मोठ्या मनाचे, भेसळीलासुद्धा माफ केलं. माफी कुणी कुणाची मागितली होती, हे पार उलटं होऊन बसलं होतं. सरांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा आदल्या दिवशीपेक्षाही पडला. कबुली देऊन माणूस हलका होतो म्हणतात. यांना तर त्या कबुलीबद्दल उलट हार घातले गेले, आणि ते काढून टाकायला कुणी देईना.

"मॅडम, तिच्या घरी येता का?" शाळा सुटल्यावर त्यांनी विचारलं. "माझ्या एकट्याच्यानं होणार नाही."

मी माझ्या स्कूटीवरून त्यांच्या मागे गेले. मारुतराव दारातच होते. आम्हाला बघून त्यांची इतकी धांदल उडाली की बघवेना. खुर्च्या पुसल्या, आत चहाला ओरडून सांगितलं, आणि सर बसायच्या आधीच हात जोडून म्हणाले, "आवो सर, तुमी कशाला आलात? आमीच येणार व्हतो. आमच्या पोरीनं तुमचं नाव घालवलं. लई बोललो मी तिला. गुरूला खोटं पाडती व्हय, म्हणलं."

"आजोबा, खोटा मीच आहे," सर म्हणाले. "तिचं काही चुकलं नाही. तिनं बरोबर बघितलं होतं."

"त्ये तुमचा मोठेपणा हाय."

"मोठेपणा नाही हो." सर जवळजवळ रडकुंडीला आले. "मोठेपणा म्हणू नका. खरं सांगतो आहे."

"व्हय व्हय," मारुतराव समजूत घातल्यासारखं म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी. मग अपेक्षाला बाहेर बोलावलं. ती आली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली आणि कुणी काही बोलायच्या आत म्हणाली, "सॉरी सर."

सरांनी तिला सगळं पुन्हा सांगितलं. परिपाठाला सांगितलं होतं ते, स्टाफरूममध्ये मला सांगितलं होतं तेही. आईनं रानात येऊ दिलं नाही तेसुद्धा. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. पोरं मोठ्या माणसांपुढे हलवतात तशी. त्या मानेत होकार नव्हता, ऐकून घेणं होतं. सरांना ते कळलं. मलाही कळलं.

"शाडू कुठून आणलीस?" मी मध्येच विचारलं. शांतता मला सोसत नाही.

"गणपती केला होता शाळेत, त्यातली उरलेली. घरी होती." मग तिनेच सांगितलं, "सर म्हणाले होते येईल. येत नव्हतं. मग मला वाटलं मातीतच काहीतरी कमी आहे."

मातीतच कमी आहे. सरांच्या शब्दात कमी असूच शकत नाही, आपल्या डोळ्यांतही ती धरवत नाही, मग सगळ्यात सोपं म्हणजे मातीत कमी धरायची आणि भरून काढायची. मी सरांकडे बघितलं नाही. काही वेळा माणसाकडे न बघणं एवढंच आपल्या हातात असतं.

"चल, मागे जाऊ," सर उठून म्हणाले. "बाटली घे."

खोल्यांच्या मागे जुन्या विहिरीएवढा खोलगट भाग भरून सपाट केलेला होता. वर तीच काळी. मारुतराव सांगत आले, "हितं खड्डा व्हता. पानी साचायचं, डास. कंपनीच्या गाड्या आल्या, टाका म्हणलं. फुकाट मिळालं." तेही बिचारे ओशाळले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनाही सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. अपेक्षाने ओंजळभर उकरून बाटलीत घातली, नळाचं पाणी भरलं, बूच लावलं आणि हलवली. चांगली खळखळून. मग कट्ट्यावर ठेवली.

"काय दिसतं सांग," सर म्हणाले.

तिने बाटलीकडे बघितलंच नाही. तिने सरांच्या तोंडाकडे बघितलं.

सर थांबले. तिला वाटलं आपण उशीर करतो आहोत. "सर, तुम्ही म्हणाल ते," ती म्हणाली. नम्रपणे, शाळेत आम्हीच शिकवतो तितक्या नम्रपणे.

मी बारा-पंधरा वर्षं शिकवते आहे. वर्गात एखाद्या मुलाने चुकीचं उत्तर दिलं तर मला राग येतो, पण वाईट वाटत नाही. त्या वेळी वाटलं. ज्या मुलीने एकटीने, कुणी न सांगता बाटली भरून बघितली होती, तिचे डोळे या माणसाने काढून घेतले होते, आणि ते परत कसे द्यायचे हे त्याला येत नव्हतं. माफी मागून झाली होती. माईकवर मागून झाली होती. आता आणखी काय मागणार? त्यांच्या मानेवर घाम आला होता. तोंडावर काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण जे काही होतं, ते ती वाचत होती. लाज दिसली तर लाजेला बरं वाटेल असं उत्तर तिने दिलं असतं.

मग सरांनी एक गोष्ट केली. ते वळले. आमच्याकडे, बाटलीकडे, तिच्याकडे पाठ करून खोलीच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"मी बघत नाही," भिंतीला म्हणाले. "तू बघ. वेळ लागू दे."

मारुतराव घाबरे झाले. "सांग की गं, सर उभं हायती," असं म्हणायला लागले, मी त्यांना हाताने थांबवलं. आजोबांनी माझ्याकडेही संशयाने बघितलं. शहाणी दिसणारी बाई, हीसुद्धा अशी.

अपेक्षाने आधी सरांच्या पाठीकडे बघितलं. पाठीवर काही लिहिलेलं नव्हतं. शर्टाला मोटारसायकलची धूळ तेवढी. मग माझ्याकडे बघितलं, तर मी पलीकडच्या दोरीवरचे कपडे मोजत होते. मग ती कट्ट्यापाशी खाली बसली, बाटलीच्या पातळीला डोळे आणले. बराच वेळ गेला. कंपनीचा भोंगा वाजला, शिफ्ट सुटली, खोल्यांमधले भाडेकरू येऊन आम्हाला बघत बघत आत गेले. भिंतीकडे तोंड करून उभा असलेला मास्तर बघून एक-दोघे थांबलेही. सर हलले नाहीत.

"सगळी खाली गेली," ती म्हणाली. अगदी हळू. मग जरा मोठ्याने, "वर थोडं काळं राहिलंय, पण ते धुरासारखं आहे. खाली वाळू आहे. पहिल्या वेळीही असंच होतं. सर, ही माती नाहीये."

सरांची पाठ तशीच.

"सर," ती म्हणाली, आणि या खेपेला तिच्या आवाजात विचारणं नव्हतं, "आता वळा. तुम्ही बघा."

सर वळले. तिच्याकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही. त्यांनी बाटलीकडे बघितलं.